झाकून ठेवायची विद्या

लेडी मेरी वर्टली मॉन्टेग्यू हे नाव आपल्याकडे निघालेच तर देवी टोचण्याच्या इतिहासात निघते. तुर्कस्तानात पाहिलेली टोचणी तिने १७२१ साली लंडनमध्ये स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलीला करवून घेतली. हीच मुलगी पुढे लेडी ब्यूट झाली. २८ जानेवारी १७५३ रोजी, इटलीत एकटी राहणाऱ्या त्रेसष्ट वर्षांच्या आईने तिला थोरल्या नातीच्या शिक्षणाविषयी सविस्तर पत्र लिहिले.

या पत्रातला एकच सल्ला वारंवार उद्धृत होतो: मुलीने मिळवलेली विद्या शरीरातले व्यंग झाकावे तशी झाकावी. कोणी त्यात उपरोध पाहतात, कोणी शरणागती. मला दोन्ही वाचने अपुरी वाटतात, कारण दोन्हींत उरलेले पत्र बाजूला पडते.

उरलेले पत्र हिशेबी आहे. नातीला मोठा हुंडा मिळणार नाही, कदाचित तिचे लग्नही होणार नाही, हे आजीने धरून ठेवले आहे. त्याच काळातल्या दुसऱ्या एका पत्रात ती मुलीला सांगते की तुला चांगली पत्नी व्हायला शिकवले, हिला अविवाहित राहूनही सुखी राहायला शिकव. लग्न ही तिच्या लेखी बहुतेक चिठ्ठ्या कोऱ्या निघणारी सोडत आहे. म्हणून वाचन हवे. ते स्वस्त आहे, टिकते, आणि वाचणारीला नव्या फॅशनची किंवा पाहुण्यांची वाट पाहावी लागत नाही. नुसते लॅटिन-ग्रीक येते म्हणून कोणी विदुषी होत नाही, हेही ती बजावते. सुई मात्र हातात यायलाच हवी, पुरुषाला तलवार यावी तशी.

कवितेबद्दलचा तिचा युक्तिवाद मला सगळ्यात आवडतो. मुलींनी कविता वाचावी ती हळवे होण्यासाठी नव्हे, फसू नये म्हणून. तरुणपणी तिची एक मैत्रीण प्रियकराने पाठवलेल्या ओळींवर भाळली होती. त्या ओळी रँडॉल्फ या जुन्या कवीच्या आहेत हे मेरीने दाखवून दिले आणि प्रियकराची गच्छंती झाली. वाङ्मयचौर्य ओळखण्याचा इतका रोकडा उपयोग एखाद्या समीक्षकाने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही!

मग झाकायचे कशासाठी? तिने स्वतः वडिलांच्या ग्रंथालयात लॅटिन चोरून शिकले. घरच्यांना वाटे, पोरगी अद्भुतकथा वाचते आहे. पुढे लंडनच्या विद्वत्मंडळात वावरताना तिने कुचेष्टाही भरपूर सोसली. आपल्याकडे रमाबाई रानड्यांच्या आठवणी (१९१०) वाचलेल्यांना हे निराळे सांगायला नको. तिथे नवरा शिकवत होता, तरी घरातल्या बायकांच्या नजरा चुकवत पुस्तक हाती घ्यावे लागे. इटलीत मात्र लेडी मेरीने वेगळे जग पाहिले. मिलानच्या मारिया आन्येसीला १७५० साली बोलोन्या विद्यापीठात गणिताचे अध्यासन देऊ करण्यात आले. विदुषीचे तिथे हसे होत नाही, असे तिने १७५३ साली मुलीला कळवले. म्हणजे लपवणे हा बाईचा धर्म आहे असे ती मानत नव्हती. तो इंग्लंडच्या हवेवरचा उतारा होता.

माझा आक्षेप इथेच आहे. उतारा म्हणून दिलेली गोष्ट घराण्याची रीत झाली. ज्या नातीसाठी पत्र लिहिले तिचे लग्न १७६१ साली जेम्स लोथरशी झाले आणि ते सुखाचे झाले नाही. आईचा सल्ला तंतोतंत पाळला तो लेडी ब्यूटने, आणि तोही आईवरच. आईची अनेक वर्षांची रोजनिशी तिने कुलपात ठेवली. त्यातले काही ती मुलींना वाचून दाखवी. धाकट्या लुइसाला सुरुवातीच्या वह्या वाचू दिल्या, पण एकही ओळ उतरवून घ्यायची नाही या अटीवर. १७९४ साली मरण्यापूर्वी तिने ती सगळी रोजनिशी जाळली. लुइसा स्वतः उत्तम लिहीत असे. १८३७ साली आजीच्या पत्रांची आवृत्ती निघाली तेव्हा प्रास्ताविक आठवणी तिनेच लिहिल्या. त्यांवर तिने आपले नाव घातले नाही.