सहकुटुंब म्हणजे कुणाबरोबर? ‘स्पायडर-मॅन’ (२००२) आणि घरातले प्रेक्षक

आजचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला एकच प्रश्न सतत विचारला जातो आहे: ‘मुलांना आणलं तर चालेल का?’ व्याख्यानाला की सिनेमाला, ते काही नीट कळलं नाही. (हशा) व्याख्यानाला आणलंत, आनंद आहे. सिनेमाचं काय करायचं, त्यावर आता तासभर बोलू.

आपल्याकडे पूर्वी सिनेमाच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असायची, ‘सहकुटुंब सहपरिवार पाहा’. लग्नपत्रिकेतली भाषा थेट पोस्टरवर. त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. सासूबाई शेजारी बसल्या असताना मान खाली घालावी लागेल असं पडद्यावर काही येणार नाही. म्हणजे ‘सहकुटुंब’ हे सिनेमात काय *नाही* याचं आश्वासन होतं. आम्ही आज म्हणणार आहोत की हे माप अपुरं आहे. आणि ते कुठे अपुरं पडतं, हे सुपरहिरोच्या जन्मकथेत सर्वांत स्पष्ट दिसतं.

आम्ही निवडलेला चित्रपट सॅम रायमी यांचा ‘स्पायडर-मॅन’, मे २००२ मधला. टोबी मॅग्वायर हा पीटर पार्कर, क्लिफ रॉबर्टसन हे बेनकाका, रोझमेरी हॅरिस या मेकाकू. मूळ पात्र स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांचं, १९६२ सालच्या एका कॉमिकमधलं. तिथे कोळी किरणोत्सर्गी होता, इथे तो जनुकांत बदल केलेला आहे. काळ बदलला की भीती बदलते, कोळी तोच राहतो.

याच चित्रपटावरून ब्रिटनमध्ये मोठा गोंधळ झाला होता. तिथल्या मंडळाने त्याला ‘१२’ प्रमाणपत्र दिलं. त्या वेळच्या नियमानुसार बारा वर्षांखालच्या मुलाला चित्रपटगृहात प्रवेशच नव्हता, आईवडील बरोबर असले तरीही. इकडे दुकानांत स्पायडर-मॅनची खेळणी, दप्तरं, पायजमे पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी लटकत होती, आणि तिकडे दारावर ‘तुला बंदी’. काही स्थानिक परिषदांनी आपल्या हद्दीत मंडळाचा निर्णय बाजूला ठेवला आणि पालकांसह मुलांना आत सोडलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मंडळाने ‘१२ए’ हा नवा वर्ग आणला. बारा वर्षांखालचं मूल येऊ शकतं, पण मोठं माणूस सोबत हवं. हा विचार मंडळात आधीपासून चालू होताच, या वादाने त्याला जोर आला.

आपल्याकडे ‘यूए’ हा वर्ग १९८३ पासून आहे. अलीकडे त्याचे तीन भाग झाले: ७, १३ आणि १६ वर्षांवरचे. तत्त्व तेच. सरकार म्हणतं, आम्ही काठ दाखवला, पुढे हात धरणारा कुणीतरी घरचा असू द्या.

आता गंमत बघा. प्रमाणपत्र देणारा काय मोजतो? ठोसे, रक्त, शिव्या, चुंबनं. २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये आपल्या मंडळाने चुंबनाचं दृश्य छाटलं, त्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. इमारती कोसळताना मात्र पूर्ण लांबीच्या होत्या. आम्हीही त्याच मापाने सुरुवात केली होती, ते आता सांगतो.

मागच्या वर्षी आम्ही हा चित्रपट चार-पाच कुटुंबांसह एका घरी पाहिला. मुलं सात ते चौदा वयाची. आम्ही मोठ्यांनी आधी यादी केली होती. ग्रीन गॉब्लिन बॉम्ब टाकतो आणि माणसांचे क्षणात सांगाडे होतात, ते एक. मेकाकू रात्री प्रार्थना करत असतात आणि तो भिंत फोडून आत येतो, ते दुसरं. पावसातलं ते उलटं लटकून घेतलेलं प्रसिद्ध चुंबन, ते तिसरं. शेवटची मारामारी, जिथे मुखवटा फाटून रक्ताळलेला चेहरा दिसतो, ती चौथी. रिमोट कुणाच्या हातात राहील तेही ठरलं होतं. कुस्तीच्या पिंजऱ्यातला एक विनोद मात्र आमच्या यादीतून निसटला. प्रतिस्पर्ध्याला हिणवायला पीटर विचारतो की हा पोशाख तुझ्या नवऱ्याने दिला का. मोठी मुलं हसली, आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. यादी करणाऱ्यांना आपल्या सवयीचं दिसत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा मोठा होता. तो समजण्यासाठी कथा थोडी आठवू.

पीटर आईवडिलांविना काका-काकूंकडे वाढलेला मुलगा. हे नातं आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. काकांची नोकरी नुकतीच गेली आहे. स्वयंपाकघराला दोघांनी मिळून रंग द्यायचा असं ठरलेलं असतं. पीटर नव्या ताकदीच्या नादात ते विसरतो. घरी येतो तेव्हा रंग देऊन झालेला असतो, आणि जेवण ओव्हनमध्ये ठेवल्याची काकूंची चिठ्ठी असते. पुढे त्याला मुलीवर छाप पाडायला गाडी हवी असते, गाडीला पैसे हवेत, म्हणून तो कुस्तीला जातो. काका त्याला सोडायला येतात, गाडीत चार शब्द सांगू बघतात. ताकद आणि जबाबदारीचं ते वाक्य टी-शर्टवर छापून छापून गुळगुळीत झालं आहे, पण ते येतं कुठे ते पाहा. एका अवघडलेल्या भांडणात येतं. पीटर फटकन बोलतो की माझे वडील असल्यासारखं वागू नका. आणि निघून जातो.

कुस्तीत तो जिंकतो, आयोजक त्याला फसवतो. त्या आयोजकाला लुटून पळणाऱ्या चोराला पीटर मुद्दाम वाट देतो. तोच चोर बाहेर गाडी पळवताना काकांना गोळी घालतो. चित्रपट अर्ध्यावर यायच्या आत काका रस्त्यावर मरून पडलेले असतात.

आमच्या मते स्पायडर-मॅनचा जन्म इथे होतो. कोळ्याच्या दंशाने फक्त ताकद आली. जन्म झाला तो एका छोट्या, अगदी घरगुती स्वार्थातून, जो आपण सगळ्यांनी कधी ना कधी केलेला असतो.

तर त्या दिवशी इथवर सगळं शांत होतं. मग आठ वर्षांच्या एका मुलाने विचारलं, ‘पण त्याने काकांना सॉरी कधी म्हटलं?’

कुणीच उत्तर दिलं नाही. कुणीतरी म्हणालं, ‘बघ पुढे’. थोड्या वेळात आम्ही मोठी माणसं चहा टाकायला उठलो. पदवीदानाचा प्रसंग चालू होता, म्हणजे आमच्या हिशेबाने जरा सैल जागा. सिनेमा थांबवायचीही कुणाला गरज वाटली नाही. त्या मुलाची आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली (तिच्या परवानगीनेच सांगतो आहोत) की आजोबा गेले त्या दिवशी सकाळी तो त्यांच्यावर रुसून शाळेत गेला होता. मोबाईल दिला नाही म्हणून.

आमच्या यादीत सांगाडे होते. हे नव्हतं.

आणि आता ऐका, आम्ही चहा टाकत होतो तेव्हा पडद्यावर काय चाललं होतं. पदवीदान करून पीटर घरी येतो, आपल्या खोलीत बसतो. मेकाकू येतात. तो सांगतो की आज काकांची फार आठवण आली, आणि आपण त्यांना शेवटचं जे बोललो तेच डोक्यातून जात नाही. काकू त्याला सांगतात की तुझं त्यांच्यावर प्रेम होतं, त्यांचं तुझ्यावर होतं, आणि तू कसा माणूस होशील याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. मारामारी नाही, संगीताचा गडगडाट नाही. त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर तिथे होतं, आणि आम्ही साखर शोधत होतो.

आम्ही मागे जाऊन तो प्रसंग पुन्हा लावला. मुलगा काही बोलला नाही. सरकून आईजवळ बसला, एवढंच. त्याच्या मनाचं काय झालं ते आम्ही सांगणार नाही, आम्हाला ते माहीत नाही. पण ‘सहकुटुंब’ या शब्दाचा अर्थ आम्हाला त्या वेळी बदलावा लागला. सहकुटुंब चित्रपट म्हणजे ज्यात काही अवघड नाही असा, ही व्याख्या पुरत नाही. अवघड आलं की ज्याच्या शेजारी सरकून बसता येतं असं माणूस तिथे हवं, आणि चित्रपटाने त्या माणसाला बोलायला जागा ठेवलेली हवी. रायमींनी ती जागा ठेवली आहे. हे त्यांचं मोठं श्रेय.

आता दोष. कारण हा चित्रपट आवडतो म्हणून त्याची पाठराखण करणं, हे आमचं काम नव्हे.

पहिला दोष या शिक्षेच्या गणितात आहे. पीटर चोराला सोडतो, तोच चोर त्याच रात्री त्याच्याच काकांना मारतो. गोष्टीत हे नेमकं बसतं. लहान मूल मात्र यातून नियम काढतं की मी वाईट वागलो म्हणून माणूस गेलं. आयुष्य असा हिशेब ठेवत नाही. आजोबा रुसव्याने जात नाहीत. हे वाक्य चित्रपट म्हणत नाही, ते घरातल्या कुणीतरी मोठ्याने, स्पष्ट शब्दांत म्हणायला हवं.

दुसरा दोष अधिक चलाख आहे. पीटर त्या चोराला गाठतो, सूड डोळ्यांत असतो, आणि नेमका चोर अडखळून खिडकीतून खाली पडतो. शेवटी गॉब्लिन पाठीमागून वार करायला आपलं उडतं यान सोडतो, पीटर बाजूला होतो, आणि यान त्यालाच भोसकतं. दोन्ही वेळा खलनायक मरतो आणि नायकाचे हात स्वच्छ राहतात. ज्या चित्रपटाचा सारा भर जबाबदारीवर, तोच दोनदा नायकाची जबाबदारी अपघातावर ढकलतो. ‘बॅटमॅन बिगिन्स’ (२००५) मध्येही शेवटी हीच पळवाट दिसते: मी मारणार नाही, पण वाचवणारही नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना हे दाखवून विचारा, ‘चोर अडखळला नसता तर पीटरने काय केलं असतं?’ आमच्याकडे यावर अर्धा तास भांडण झालं. चांगलं झालं.

तिसरा दोष मेरी जेनचा. घरात वडील तिच्यावर ओरडतात, हे चित्रपटाला दिसतं, पण तो तिथे फार थांबत नाही. बाकी बराच वेळ तिने कुठूनतरी लोंबकळायचं आणि किंचाळायचं. मुली बघतायत, याचं भान तिथे कमी आहे.

मग किती वर्षांच्या मुलाला दाखवायचा? समोरून केव्हाची खूण होते आहे. आमचं उत्तर असं: सात वर्षांखाली नको, काकूंच्या खोलीतला तो हल्लाच पुरेसा भीतिदायक आहे. आठ-नऊला मूल बघून ठरवा. घरात अलीकडे कुणी गेलं असेल तर आधी स्वतः एकट्याने पाहा. दहाच्या पुढे जरूर, पण सोबत बसून. आणि सोबत म्हणजे त्याच सोफ्यावर, फोन बाजूला ठेवून. ‘यूए’मधला पालक हा तिकिटापुरता पालक नाही.

जाता जाता एकच. २००४ च्या दुसऱ्या भागात पीटर स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून काकूंना सगळं खरं सांगतो, की चोराला मीच जाऊ दिलं होतं. काकू आपला हात मागे घेतात आणि काही न बोलता वर निघून जातात. क्षमा नंतर येते, सावकाश. म्हणजे त्या आठ वर्षांच्या मुलाचा प्रश्न चित्रपटालाही पडला होता, आणि उत्तर पुरं व्हायला दुसरा भाग लागला. घरातही वेळ लागतोच.

चहा मात्र आधी करून ठेवा.