आधी कोंबड्या, मग क्षितिज

माइनक्राफ्ट अडखळायला लागला की पहिला सल्ला ठरलेला : रेंडर डिस्टन्स कमी करा. हिशेब बरोबरच आहे. एक चंक म्हणजे १६×१६ ठोकळ्यांचा चौरस. अंतर २४ वरून १२ वर आणलं की भोवतालचे चंक २४०१ वरून ६२५ होतात.

तरी मला हा सल्ला आळशी वाटतो. या गेममध्ये कुठे जायचं हे कुणी सांगत नाही. दूरचा डोंगर दिसतो, म्हणून आपण निघतो. तोच धुक्यात गेला तर फ्रेम वाढतात आणि निघायचं कारण जातं. ‘सोडियम’ हा मॉड म्हणूनच आवडतो : तो क्षितिज कापत नाही, तेच दृश्य कमी कष्टात रेखाटतो.

शिवाय प्रत्येक लॅग चित्राचा नसतो. गेमचं घड्याळ सेकंदाला २० टिक चालतं, एका टिकला ५० मिलिसेकंद. एका खोलीत शेकडो कोंबड्या कोंबल्या की ते घड्याळच मागे पडू शकतं. तिथे ग्राफिक्स उतरवून काय होणार?

कामावर आम्ही आधी मोजतो, मग कापतो. जुन्या लॅपटॉपवाल्यांनाही तेच सांगेन : आधी एफ-३ दाबून बघा. क्षितिजाला कात्री सगळ्यात शेवटी.