नोंदवलेला मॅक्रो आणि लिहिलेला मॅक्रो

शाळेचे काम संगणकावर करणाऱ्या शिक्षकांना ही अडचण परिचयाची असेल. तीनशे विद्यार्थ्यांची यादी 'नाव, वडिलांचे नाव, आडनाव' अशा क्रमाने टंकलेली आहे आणि आता आडनाव आधी हवे आहे. बहुतेक जण तीनशे वेळा शब्द उचलून पुढे ठेवतात. ज्यांच्याजवळ बरा टेक्स्ट एडिटर आहे ते मॅक्रो नोंदवतात: ओळीच्या शेवटी जा, शेवटचा शब्द काप, ओळीच्या सुरुवातीला ये, तो चिकटव, जागा सोड, खाली उतर. एकदा करून दाखवले की उरलेल्या २९९ ओळी एडिटर करतो.

आम्हीही तसेच केले आणि फसलो. काही नावे आधीच आडनावाने सुरू होत होती. 'पाटील सुरेश दत्तात्रय' याचे 'दत्तात्रय पाटील सुरेश' झाले. दोन तुकड्यांच्या मध्ये एक ओळ रिकामी होती. तिच्यावर कापायला शब्दच नव्हता, म्हणून मॅक्रोने मागे सरकून वरच्या ओळीतला शब्द कापला आणि एका मुलीचे नाव दोन ओळींत तुटले. नोंदवलेला मॅक्रो पाढा म्हणणाऱ्या मुलासारखा असतो. समोर काय आले आहे ते तो पाहत नाही.

पाहण्यासाठी 'जर-तर' लागते. ओळ रिकामी असेल तर सोडून दे, पहिला शब्द आडनावांच्या यादीत असेल तर हात लावू नको, हे सांगायला भाषा लागते. एडिटरच्या पोटात अशी भाषा असावी काय, हा वाद जुना आहे. आमचे मत असावी असे आहे. पण तिची किंमतही मोजून घ्यावी.

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत टेको नावाचा एडिटर १९६० च्या दशकात तयार झाला. त्याच्या आज्ञा म्हणजे एकेक अक्षर. आपले नाव आज्ञा म्हणून टंकले तर मजकुराचे काय होईल, हे ओळखण्याचा खेळ तिथले लोक खेळत. पुढे एकेका कळीला स्वतःचा मॅक्रो जोडण्याची सोय झाली आणि प्रत्येकाने आपापला कळफलक घडवला. परिणाम असा, की दुसऱ्याच्या जागेवर बसून काम करणे कठीण होऊन बसले. हा गोंधळ आवरण्यासाठी १९७६ मध्ये गाय स्टील आणि रिचर्ड स्टॉलमन यांच्या प्रयत्नांतून या मॅक्रोंचा एक समान संच झाला. तोच ईमॅक्स. स्वातंत्र्य द्यावे, पण पायाभूत कळा सर्वांच्या सारख्या असाव्यात, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

१९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या संगणकप्रणालीसाठी ईमॅक्स नव्याने लिहिला, आणि तो लिस्प भाषेत. त्याची एक हकीगत स्टॉलमन यांनी २००२ च्या एका व्याख्यानात सांगितली आहे. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातील सेक्रेटरीही एडिटरला नव्या आज्ञा जोडू लागल्या. त्यांच्या हातातील पुस्तिकेत हे कसे करायचे ते दिले होते, मात्र याला प्रोग्रॅमिंग म्हणतात असे कुठेच लिहिले नव्हते! आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही असे मानणाऱ्या या स्त्रिया म्हणूनच बिचकल्या नाहीत. संगणकाच्या तासाला आपण मुलांना मेनूतील बटणे पाठ करून घेतो, तेव्हा ही गोष्ट आम्हाला नेहमी आठवते.

आता दुसरी बाजू. १९८५ पासून उपलब्ध असलेल्या जीएनयू ईमॅक्सची लिस्प समर्थ आहे, पण नवख्याला ती कंसांचे जंगल वाटते. तिथे कापण्याला 'किल' आणि चिकटवण्याला 'यँक' म्हणतात. हा हट्ट आम्हाला कधीच पटला नाही. मायक्रोसॉफ्टच्या वर्डने मॅक्रोची भाषा दिली, पण मॅक्रो दस्तऐवजाबरोबरच फिरू दिले. त्यातून १९९५ मध्ये कन्सेप्ट आणि १९९९ मध्ये मेलिसा हे विषाणू पसरले, आणि इंटरनेटवरून आलेल्या फायलींतील मॅक्रो मुळातच बंद ठेवण्याचे धोरण कंपनीने २०२२ मध्ये आणले. दोष भाषेचा नव्हता. कुणाची तरी फाईल उघडताच तिच्यातील आज्ञा आपल्या संगणकावर चालाव्यात, ही सोय घातक होती. तिसरी किंमत आपल्या कार्यालयांतही दिसते: मॅक्रो लिहिणारा माणूस बदलून जातो आणि मागे राहिलेल्या आज्ञावलीला हात लावायची कुणाची छाती होत नाही.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला यादी देऊन 'क्रम बदल' असे सांगता येते. बदललेली यादी मागितली तर तीनशे ओळी पुन्हा तपासणे आले. त्याऐवजी मॅक्रो लिहून मागावा. दहा-बारा ओळींचा असल्याने तो वाचता येतो आणि चूक कोणत्या अटीत आहे ते दाखवता येते.

आमची यादी अखेर लिहिलेल्या मॅक्रोनेच लावली, तरी 'मनोहर शंकर जाधव' याच्यापाशी अडलो. मनोहर हे नावही असते आणि आडनावही. मग आणखी एक अट घातली: पहिला आणि शेवटचा असे दोन्ही शब्द आडनावांच्या यादीत असतील तर ओळीपुढे फुली मार आणि पुढे जा. फुली मारलेल्या सात ओळी निघाल्या. त्या आम्ही हजेरीपत्रक उघडून हातानेच लावल्या.