नादाचे मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. तिच्यात नादाचाही समावेश करावा, असा आग्रह धरणारे रसिक थोडे नाहीत. गाणे ऐकून मन भरून आले असता त्यातील अमुक आवाज कोणत्या यंत्रातून निघाला याची चौकशी करणे, म्हणजे पंगतीत बसून आचाऱ्याच्या चुलीची विचारपूस करणे होय, असे त्यांचे म्हणणे. याच्या अगदी उलट टोकाला दुसरा एक वर्ग आहे. तो बहुधा तरुणांचा. त्याला गाणे आवडले की पहिला प्रश्न सुचतो तो असा, की हा सिंथेसायझर कोणता, हा प्रतिध्वनी कोणत्या पेटीतला, आणि ती पेटी केवढ्याला मिळते? एक वर्ग यंत्राकडे पाहावयास तयार नाही. दुसऱ्याला यंत्रापलीकडचे काही दिसत नाही. ब्रायन ईनो या इंग्रज संगीतकाराच्या दोन ध्वनिमुद्रिकांच्या निमित्ताने या वादाचा येथे थोडा विचार करावयाचा आहे.

ईनो यांची 'अँबिएंट १ : म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' ही मुद्रिका १९७८ सालची. 'अँबिएंट' म्हणजे सभोवार पसरून राहणारे. श्रोत्याला समोर बसवून त्याचे चित्त वेधून घेण्याची प्रतिज्ञा हे संगीत करीत नाही. देवघरातील उदबत्तीचा वास जसा घरभर असतो, कोणी हुंगावा असा त्याचा हट्ट नसतो, तसे हे संगीत खोलीत असते. लक्ष दिले तर त्यात ऐकण्याजोगे काही सापडावे, आणि न दिले तरी कोणाचे काही बिघडू नये, अशी दुहेरी अट ईनो यांनी स्वतःच त्याला घातली आहे. एरिक साती या फ्रेंच संगीतकाराने १९१७ च्या सुमारास 'घरसामानाचे संगीत' अशी एक खोडकर कल्पना मांडली होती. तिचेच हे गंभीर रूप म्हणता येईल.

ज्या संगीताला स्वतःकडे लक्ष वेधून घ्यावयाचे नाही, त्याच्याच यंत्रसामग्रीविषयी एवढे कुतूहल का असावे? कारण उघड आहे. खयालात गायक दिसतो, सतारीत बोट दिसते. येथे आवाज आहे, पण तो करणारा कोणी दिसत नाही. साहजिकच मन पडद्यामागे डोकावू पाहते. गंमत अशी की, हा पडदा ईनो यांनी स्वतःच दूर केला होता. १९७५ साली निघालेल्या 'डिस्क्रीट म्युझिक' या मुद्रिकेच्या मलपृष्ठावर त्यांनी आपल्या सर्व मांडणीची आकृतीच छापली. ती अशी : सिंथेसायझरच्या स्मरणकोशात दोन लहान, साध्या, परस्परांशी जुळणाऱ्या, पण लांबीने वेगळ्या अशा स्वरपंक्ती साठवलेल्या. त्यांतून निघणारा आवाज आधी उंच-खालचे पट्टे कमीअधिक करणाऱ्या चाळणीतून जातो, मग प्रतिध्वनीच्या यंत्रातून, आणि मग पहिल्या टेपरेकॉर्डरवर उमटतो. परंतु फीत त्याच यंत्रावर गुंडाळली न जाता काही अंतरावर ठेवलेल्या दुसऱ्या यंत्राकडे जाते. तेथे ती वाजते, आणि वाजलेला आवाज पुन्हा पहिल्या यंत्राकडे मुद्रणासाठी परत येतो.

या योजनेतील अंतर हेच काळाचे माप आहे, हे ध्यानात घ्यावे. दोन यंत्रांमध्ये ५ फूट फीत असेल आणि तिचा वेग सेकंदाला साडेसात इंच असेल, तर प्रत्येक स्वर ८ सेकंदांनी परत भेटीस येईल. यंत्रे लांब सरकवली की काळ लांबला. आणि फीत ही काही निर्मळ आरसा नव्हे. प्रत्येक फेऱ्यात तारस्वरांची थोडी झीज होते, थोडी खरखर चढते. म्हणून नवा स्वर जवळचा व स्वच्छ, त्याच्या आधीचा थोडा धूसर, आणि त्याही आधीचा क्षितिजावरील डोंगरासारखा निळसर भासतो. चित्रकार जी दूरता रंगांच्या फिकटपणाने दाखवितो, ती येथे झिजेने आपोआप मिळाली आहे. ज्याला केवळ कानाने शोध घ्यावयाचा आहे, त्यालाही ही खूण उपयोगी पडेल. पुनरावृत्तीगणिक स्वराची धार बोथट होत असेल, तर बहुधा तेथे फीत आहे. धार तशीच राहून आवाज तेवढा लहान होत असेल, तर बहुधा अंकीय यंत्र. 'बहुधा' म्हणावयाचे कारण एवढेच की, पुढे अंकीय यंत्रेही फितीच्या झिजेची नक्कल करण्यात तरबेज झाली.

ही युक्ती ईनो यांची स्वतःची नव्हे. टेरी रायली या अमेरिकन संगीतकाराने १९६३ साली पॅरिसमध्ये दोन यंत्रांमधून एकच फीत फिरवून तिचा उपयोग केला होता; ईनो आणि गिटारवादक रॉबर्ट फ्रिप यांनी १९७३ च्या आपल्या मुद्रिकेत तिलाच पुढे नेले. याच रायलींनी १९७० पासून किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्यत्व पत्करले. ज्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले, तेच हे घराणे. हा धागा कळल्यावर तंबोऱ्याची आठवण होऊन आपला ऊर भरून येणे स्वाभाविक आहे. तथापि सनावळीकडे पाहता फितीची युक्ती आधीची आणि गुरुभेट नंतरची, हे मान्य केले पाहिजे. सर्वच आपले होते असे म्हणण्याच्या उत्साहाला टीकाकाराने आवर घातलेला बरा. तंबोरा येथे दाखला म्हणून घ्यावा, मूळ म्हणून नव्हे.

आता थोडी घरची हकीकत सांगतो. आमच्या एका भाच्याला या संगीताचे वेड लागले. ईनो यांनी काय काय वापरले याची त्याने कसून चौकशी केली, आणि साठविलेल्या पैशांतून त्या सर्व यंत्रांच्या संगणकीय प्रतिकृती मिळविल्या. फितीची झीज आली, मोठ्या दालनाचा घुमारा आला, पियानोही तसाच मऊ आला. एका रविवारी त्याने आपली रचना आम्हांस ऐकविली. आवाज खरोखर तोच होता. पण पाच मिनिटांत कंटाळा आला. तो बिचारा खिन्न होऊन म्हणाला, "मामा, सगळं तेच घेतलंय. मग हे तसं का वाटत नाही?"

प्रश्न मोलाचा होता, आणि आम्हांस त्याचे उत्तर ठाऊक नव्हते. म्हणून आम्ही दोघे घड्याळ घेऊन 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मधील '२/१' ही रचना ऐकावयास बसलो. हिच्यात शब्द नाहीत, ताल नाही. मानवी कंठांतून निघालेले लांब आकार तेवढे आहेत. एकेक स्वर येतो, विरतो, काही काळाने परत येतो. एकेका स्वरावर आम्ही पहारा ठेवला. प्रत्येक स्वर ठरल्या वेळी येत होता, पण प्रत्येकाची ठरली वेळ निराळी होती. कधी दोन स्वर एकत्र आले की क्षणभर स्वरसंवाद घडे. कधी सगळे एकदम निघून गेले की शांतता पसरे. ही शांतता कोणी लिहिलेली नव्हती.

याचे कारण ईनो यांनी १९९६ मधील एका व्याख्यानात स्वतःच सांगितले आहे. फितीची टोके जोडून त्यांनी लांबच लांब वेटोळी केली होती, आणि ती जर्मनीतील कॉनी प्लांक यांच्या ध्वनिमुद्रणगृहात खुर्च्यांच्या पायांभोवती फिरविली होती. त्यांतील तीन वेटोळ्यांची मापे त्यांनी दिली आहेत : पहिले साडेतेवीस सेकंदांचे, दुसरे २५ पूर्णांक सात-अष्टमांश सेकंदांचे, आणि तिसरे ३० सेकंदांना एक-षोडशांश कमी. आम्ही कागद-पेन्सिल घेऊन लघुतम साधारण विभाज्य काढला. तिन्ही वेटोळी एकदम सुरू केली, तर ती पुन्हा एकाच क्षणी आरंभापाशी येण्यास २३,३०,०९५ सेकंदांहून किंचित अधिक, म्हणजे जवळजवळ २७ दिवस लागतील! आणि ही रचना मुद्रिकेवर आहे अवघी नऊ मिनिटे. म्हणजे आपण जे ऐकतो ते गाणे नव्हे. २७ दिवसांच्या एका वाटचालीकडे उघडणारी ती नऊ मिनिटांची खिडकी आहे.

भाच्याच्या रचनेतील दोष आता आपोआप सापडला. त्याच्या संगणकाने सर्व वेटोळी सुबकपणे बरोबर आठ-आठ सेकंदांची करून दिली होती. कवायतीतल्या शिपायांसारखे सारे स्वर दर आठ सेकंदांनी एकाच रांगेत उभे राहत. आम्ही त्यांच्या लांब्या विषम केल्या. यंत्र एकही बदलले नाही, पण अर्ध्या तासाने आमची बहीण स्वयंपाकघरातून सहज विचारती झाली, "हे मघापासून काय लागलंय? बरं वाटतंय." याहून खरा अभिप्राय या प्रकारच्या संगीताला मिळणे कठीण.

यंत्र आणि मर्म यांतील हा भेद इतरत्रही पारखून पाहता येतो. १९९८ साली न्यूयॉर्कच्या 'बँग ऑन अ कॅन' या संस्थेच्या वादकांनी 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स' चेलो, क्लॅरिनेट इत्यादी वाद्यांवर वाजवून मुद्रित केली. फीत नाही, वेटोळी नाहीत, तरी रचना ओळखू येते. म्हणजे मर्म यंत्रात नव्हते. परंतु आमच्या मते तीत काही हरवलेही आहे. वादक जिवंत असल्याने ते एकमेकांचे ऐकतात, एकमेकांसाठी थांबतात. फितीच्या वेटोळ्यांना परस्परांची वार्ताही नसते. त्यांच्या या निर्विकारपणामुळेच स्वरांना एकत्र गुंफण्याचे काम श्रोत्याच्या मनावर येऊन पडते. म्हणजे यंत्राचा वाटा शून्य होता असेही नाही. तो आवाजात कमी आणि स्वभावात अधिक होता.

दुसरे उदाहरण विल्यम बासिन्स्की यांचे. १९८० च्या दशकातील आपली जुनी वेटोळी २००१ साली ते अंकीय रूपात उतरवून घेत असता, फितीवरील चुंबकीय लेप झडू लागला. प्रत्येक फेऱ्यात सूर थोडा अधिक तुटत गेला. त्यांनी यंत्र बंद केले नाही. ते मरण तसेच मुद्रित होऊ दिले. 'द डिसइंटिग्रेशन लूप्स' या नावाने ते २००२ पासून प्रसिद्ध झाले. तोच टेपरेकॉर्डर कोणी विकत आणला, तरी ही वीस वर्षांची जीर्णता आणि न थांबविण्याचा तो निर्णय कोणत्या दुकानात मिळणार?

याचा अर्थ ईनो यांचे सर्वच निर्दोष आहे असा नव्हे. त्याच मुद्रिकेतील '२/२' ही शेवटची रचना एआरपी २६०० या सिंथेसायझरवर केलेली आहे. तिचा नाद गोड आहे, पण मानवी कंठाचा किंवा पियानोचा काठ ज्याला असतो तो काठ तिला नाही. येथे आवाजच आपली ओळख करून देत पुढे येतो आणि त्यामागची वाटचाल मागे राहते. यंत्र कानात भरले की रचना थोडी उणी वाटते, हा आमच्या मुद्द्याचा पुरावा ईनो यांच्याच घरात सापडतो.

मग नादाचे मूळ शोधावे की शोधू नये? शोधावे, असेच आमचे मत आहे. मात्र दुकानाच्या पायरीशी थांबू नये. हा आवाज कशातून निघाला, या प्रश्नाच्या पाठोपाठ तो परत केव्हा येतो, परत येताना काय गमावून येतो, आणि त्याला दुसऱ्या आवाजाची जाणीव आहे की नाही, हे प्रश्न विचारले की यंत्राची चौकशी हीच रसास्वादाची वाट होते. चुलीची विचारपूस केल्याने अन्नाची चव जात नाही. उलट जाळ मंद का ठेवला होता हे कळले, तर तीच चव अधिक उमगते. त्या रविवारचा गणिताचा कागद भाच्याने आपल्या वहीत चिकटवून ठेवला आहे. तो पाठ झाल्यावरही '२/१' ऐकताना पुढचा स्वर केव्हा येईल हे आम्हांस अजून सांगता येत नाही, आणि तो आला की आनंद मात्र पहिल्याइतकाच होतो.