‘बिनटाका’ : एका संज्ञेची परीक्षा

धुळे जिल्ह्यातील सोनगीरसारख्या गावी नसबंदीचा विचार करणाऱ्या स्त्रीपुढे कुटुंबनियोजनाच्या परिभाषेतील दोन शब्द येतात : ‘टाका’ आणि ‘बिनटाका’. दुसऱ्या प्रकारात दुर्बिणीतून पाहून गर्भनलिकांवर कडी चढवितात. छेद लहान असतो, स्त्री लवकर कामाला लागते. मजुरीवर चालणाऱ्या घरात हा लाभ थोडा नव्हे. परंतु ही संज्ञा केवळ जखमेचे वर्णन करते, आणि तेही काटेकोरपणे नव्हे; कारण त्या लहान छेदासही बहुधा एखादा टाका पडतोच. फलिताविषयी तर ती मौनच पाळते.

हे फलित अमेरिकेत १०,६८५ स्त्रियांच्या पाहणीत मोजले गेले व १९९६ साली प्रसिद्ध झाले. दहा वर्षांत दर हजार स्त्रियांमागे सिलिकॉनच्या कड्यांनंतर १७.७, तर प्रसूतीनंतर लगेच नलिकेचा भाग कापून काढल्यावर ७.५ गर्भधारणा आढळल्या. दोन्ही प्रमाणे अल्पच. तथापि नसबंदीनंतरच्या एकूण गर्भधारणांपैकी सुमारे एक-तृतीयांश गर्भाशयाबाहेरच्या, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या होत्या.

सोनगीर तांब्यापितळेच्या भांड्यांचे गाव. सांधा दिसू नये हा भांड्याचा गुण खरा. पण पाणी धरणे हीच त्याची कसोटी, हे तेथे कोणास सांगावयास नको. ‘बिनटाका’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या जोडीला एक वाक्य अवश्य उच्चारले जावे : पाळी चुकली, तर त्वरित तपासून घ्यावे.