बस, बसेस आणि बसेसना

यात्रेच्या नि सहलीच्या सूचनांत ‘बसेसची सोय केली आहे’ हे वाक्य आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. त्यामागोमाग ‘बसेसना उशीर झाल्यास’ हेही येते. मराठी लेखनात निर्धास्त वावरणाऱ्या या रूपाची एकदा झडती घ्यावी, असे आम्हांस वाटते.

‘बस’ हा मुळी पूर्ण शब्दच नव्हे. १८२०च्या दशकात फ्रान्समधील नांत शहरात कोणालाही बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या आणि त्यांना ‘ऑम्निबस’ हे लॅटिन नाव मिळाले. अर्थ ‘सर्वांसाठी’. लॅटिन मिस्सा ऐकलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांच्या कानांवरून हा शब्द पापकबुलीच्या प्रार्थनेत नेहमी जात असे. यातील ‘सर्व’ हा अर्थ आरंभीच्या ‘ऑम्न्’मध्ये आहे, ‘इबस’ हा निव्वळ चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय. इंग्रजीने शब्द टाकला आणि प्रत्ययाचे शेपूट जपले. त्या शेपटाला स्वतःचे अनेकवचन जोडून ‘बसेस’ केले. आपण मराठी लेखकांनी त्यावर ‘ना’ चढवला. तेव्हा ‘बसेसना’ म्हणजे तीन भाषांचे तीन अनेकवचनी प्रत्यय. मूळ शब्द कोठेच नाही!

इंग्रजीच्या अशा लहरी पुष्कळ आहेत. मालट्रकवर ‘पब्लिक कॅरिअर’ असे लिहिलेले असे. त्यातून पब्लिक नव्हे, पोती जात. जपानी ‘जिन्-रिकि-शा’ म्हणजे माणूस, बळ, गाडी. इंग्रजीने त्यातला माणूसच गाळला आणि ‘रिक्षा’ उरली. पुढे इंजिन बसवून ‘ऑटो’ म्हणजे ‘स्वयं’ हा शब्द जोडला गेला, आणि चुकून का होईना, ‘स्वयंबळाची गाडी’ असा अर्थ नेमका जुळला.

मग परके शब्द हद्दपार करावेत काय? आमचे म्हणणे तसे नाही. ‘टेम्पो’ हे एका जर्मन कंपनीच्या गाडीचे नाव. पुण्याच्या बजाज टेम्पोने ते आपल्याकडे रुळवले. २००५ साली त्या कंपनीने फोर्स मोटर्स हे नाव घेतले, तरी टेम्पो लोकांच्या तोंडी राहिला. त्याच कारखान्याच्या ‘मिनिडोर’चे रायगड जिल्ह्यात सामान्यनाम झाले. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावचा माणूस ‘मिनिडोरने आलो’ असे सहज म्हणतो. हा शब्द परका आहे, असे त्याच्या मनातही येत नाही.

लोकांनी हे शब्द कसे स्वीकारले, ते पाहण्याजोगे आहे. सायकलच्या ‘सायकली’ झाल्या, मोटारीच्या ‘मोटारी’. ट्रक पुल्लिंगी ठरला आणि ‘चार देव’ तसे ‘चार ट्रक’ झाले. रिक्षा स्त्रीलिंगी झाली. ‘चार भाषा’ तशा ‘चार रिक्षा’. हे नियम कोणा समितीने घालून दिले नाहीत. ज्यांनी व्याकरणाचे पुस्तक उघडले नव्हते, त्यांनी परक्या शब्दाला घरच्या रीतीने नांदवले. ‘सायकल्स’, ‘ट्रक्स’, ‘बसेस’ ही रूपे शिकलेल्यांच्या लेखणीतून आली. रस्त्यावरच्या माणसाला ठाऊक असलेले मराठी शिकलेल्याला विसरता आले, हेच आमचे दुःख आहे.

शब्द घ्यावा, व्याकरण उसने घेऊ नये, एवढेच आमचे मागणे. ते क्षुल्लक वाटेल. पण आपल्या कित्येक घरांतील मुले आता इंग्रजी शाळेत जातात. त्यांना छापील मराठी भेटते ते बहुधा धर्मग्रामाच्या पत्रकांत आणि अशाच नियतकालिकांत. तेथेही आपण त्यांच्या हाती प्रत्ययांचे गाठोडे दिले, तर मराठीचे घडण कोणाकडून शिकावे? पुढच्या यात्रेच्या सूचनेत ‘बसगाड्यांची सोय’ असे लिहून पाहावे. गाडी तीच राहील, भाडेही वाढणार नाही.