समीक्षकाचे तारे आणि खेळणाऱ्याचा प्रत्यय : डोळखांबच्या एका वहीच्या निमित्ताने

प्रस्तुत लेखाचे निमित्त गृहपाठाची एक वही आहे. ‘आवडलेल्या कलाकृतीचे रसग्रहण’ हा विषय दिला असता डोळखांब परिसरातून येणाऱ्या द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थ्याने ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा व्हिडिओ गेम, ‘तुंबाड’ हा चित्रपट आणि या दोहोंवरील परीक्षणे यांविषयी सात पाने लिहून आणली. मी शेवटच्या पानावर लाल शाईने ‘कलाकृती निवडावी’ एवढाच शेरा मारून वही परत केली. तो शेरा अन्यायकारक होता, असे आता वाटते.

अर्थात असा शेरा मारणारा मी पहिलाच नव्हे. अमेरिकन चित्रपट-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी एप्रिल 2010 मध्ये व्हिडिओ गेम ही कला कधीच होऊ शकणार नाही, असे प्रतिपादन केले होते. खेळाला नियम असतात, उद्दिष्ट असते, तो जिंकता येतो. कलाकृती जिंकायची नसते, अनुभवायची असते, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा. खेळणाऱ्यांकडून प्रतिक्रियांचा भडिमार झाल्यावर त्याच वर्षीच्या जुलैमध्ये त्यांनी कबूल केले की, खेळून न पाहता या विषयात पडायला नको होते. मूळ मत त्यांनी सोडले नाही. पण मताचा अधिकार कोठून येतो, हा प्रश्न त्यांनी मान्य केला. आपल्याकडे आस्वादक समीक्षेची परंपरा जुनी आहे. आस्वाद घेतल्याशिवाय निर्णय देऊ नये, हे तिचे पहिले सूत्र आपण वर्गात शिकवतो आणि वही तपासताना विसरतो.

‘राजी’ हा पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने घडविलेला खेळ. 2017 मध्ये लोकवर्गणीतून निधी उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला. पुढे ऑगस्ट 2020 मध्ये तो प्रथम निन्टेंडो स्विच या यंत्रावर आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संगणकावर आला. असुरांनी पळवून नेलेल्या गोलू या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली राजी ही कसरती करणारी मुलगी, दुर्गा आणि विष्णू यांचे निवेदन, राजस्थानी वास्तुशैलीतले महाल, छायाबाहुल्यांतून सांगितलेला पूर्ववृत्तान्त असे त्याचे स्वरूप आहे. परीक्षकांनी दृश्यरचनेची स्तुती केली. झुंजीतील ढिलाई, अल्प लांबी आणि एकाएकी तुटणारा शेवट यांवर बोट ठेवले. हे सारे योग्यच आहे. पण ‘झुंज ढिली आहे’ म्हणजे नेमके काय, हे कळले ते वहीतून. कल्याणला मावसभावाच्या संगणकावर खेळलेल्या या विद्यार्थ्याने लिहिले होते : “अनेकदा मी मेलो, पण माझी चूक कोणती ते कळले नाही. कॅमेरा लांब होता. मी हरलो की कॅमेरा हरला?”

या एका प्रश्नात खेळाच्या सौंदर्यशास्त्राचे एक सूत्र सापडते. शोकात्म नाटकात नायकाच्या पतनाला त्याच्या कृतीत कारण असावे लागते. खेळातील पराभवालाही खेळणाऱ्याच्या कृतीत कारण सापडावे लागते. ते न सापडल्यास पराभव हा केवळ अपघात उरतो. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली. येथे विरोध आहे, पण समतोलाकडे नेणारी वाट खेळणाऱ्याच्या हाती नाही, असे त्यांच्या परिभाषेत म्हणता येईल. ज्याच्या हाताला हे जाणवले, त्याचे मत ‘वैयक्तिक’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

येथे आणखी एक अडचण उद्भवते. 2022 मध्ये ‘राजी’ची सुधारित आवृत्ती आली, तिच्यात झुंजी आणि कॅमेरा यांत बदल झाले, हिंदी संवादांची भर पडली. म्हणजे 2020 चे परीक्षण ज्या कृतीविषयी आहे ती कृती आज त्या रूपात पुढ्यात येईलच असे नाही. जुन्या पोथ्यांची पाठचिकित्सा करणाऱ्या आपल्या अभ्यासकांना हे नवे नाही. नवे एवढेच की पाठभेद येथे कर्ता स्वतःच आणि दोन वर्षांत करतो.

‘तुंबाड’बद्दलची पाने अधिक चमकदार आहेत. राही अनिल बर्वे दिग्दर्शित हा चित्रपट ऑक्टोबर 2018 मध्ये प्रदर्शित झाला तेव्हा परीक्षकांनी वाखाणला, पण चित्रपटगृहांत प्रेक्षक थोडेच आले. सप्टेंबर 2024 च्या पुनःप्रदर्शनात त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक कमाई केली. परीक्षकांनी त्यातील पाऊस, वाडा आणि लोभाचे रूपक यांवर लिहिले. आमच्या विद्यार्थ्याने तो भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहिला आणि त्यातले नियम मांडले. दोरीने खाली उतरायचे, पिठाचे रिंगण आखायचे, कणकेची बाहुली टाकायची, हस्तर ती खात असेपर्यंत जमतील तेवढ्या मोहरा काढायच्या आणि वर यायचे. विनायक मुलाकडून दोरीवर चढण्याचा सराव करून घेतो, ती ‘सरावाची पातळी’. शेवटी बापलेक पुष्कळ बाहुल्या घेऊन उतरतात आणि बाहुल्यांइतकेच हस्तर उभे राहतात. “नियम मोडला नाही, फक्त वाढवला, म्हणून मेला,” हे त्याचे वाक्य मला कोणत्याही परीक्षणापेक्षा मोलाचे वाटते. लोभ हे या चित्रपटाचे रूपक नसून त्याची रचनाच आहे, हे खेळणाऱ्याला आपोआप दिसले.

परीक्षणांवर त्याचा राग आहे. तारे देणारे आपण कोठे अडकलो ते सांगत नाहीत, ही त्याची तक्रार रास्त आहे. मात्र त्याची सारीच मते मान्य करता येत नाहीत. ‘राजी’ लवकर संपतो म्हणून पैसे वाया गेले, हा हिशेब रसिकाचा नव्हे, गिऱ्हाइकाचा. दुर्गा आणि विष्णू यांचे संभाषण त्याने ‘मध्ये येणारी बडबड’ ठरवले. त्या निवेदनामुळेच एका पोरक्या मुलीची धावपळ पुराणकथेच्या पातळीवर जाते, हे परीक्षकांना दिसले आणि त्याला नाही.

‘तुंबाड’मध्ये शापाने जिवंत राहिलेली, जिच्या देहातून झाड उगवले आहे अशी एक म्हातारी आहे; विनायक गुपित काढून घेऊन तिला जाळतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ती ‘माहिती देणारे पात्र’ आहे. विनायकाच्या बायकोचा तर सात पानांत उल्लेखही नाही. नियम वाचणाऱ्या नजरेला नियमाबाहेर ठेवलेली माणसे दिसत नाहीत, आणि ती दाखवून देण्याचे काम शिक्षकाचे होते. ते मी केले नाही, कारण मी तिसऱ्या पानापुढे गेलोच नव्हतो.

वही पुन्हा मागवून घेतली आहे. लाल शाई खोडता येत नाही. तिच्याखाली गुण दिले आणि म्हातारीविषयीचा प्रश्न लिहिला.